बारावा चौकोन

पूर्वी चैत्र लागला की नामाजीला उसंत नसे. रानं मोकळी झालेली असत आणि शिरड शहापूरच्या आसपासचे शेतकरी स्वतः माळावर येऊन सांगून जात, "नामाजी, औंदा आधी माझ्या रानात बसव." सव्वाशे मेंढरं सांजच्याला रानात आणायची, भोवती खुंट्या ठोकून वाघर ताणायची आणि रात्रभर त्या सुताच्या जाळीत त्यांना बसू द्यायचं. सकाळी वाघर उचलून पुढच्या तुकड्यावर. लेंडी, मूत, खुरांची तुडवण, सगळं जमिनीत जिरायचं. रानवाल्याची बायको रोज भाकरी आणून द्यायची आणि शेवटच्या दिवशी सुपानं ज्वारी.

आता खत गोणीतून यायला लागलं होतं. दोन हजार चार सालच्या चैत्रात नामाजीकडं एकही शेतकरी आला नव्हता. त्यात फाल्गुनात थोरला प्रभू विहिरीच्या काठावरून घसरला आणि त्याचा पाय गुडघ्याखाली मोडला. हिंगोलीच्या दवाखान्यात प्लास्टर घातलं. दिवाळीनंतर कळप घेऊन वाशीमकडं चराईला जायचं, तर नामाजीच्या जोडीला माणूस नव्हतं. पुढं चालायला नामाजी होता. मागं पडणारी कोकरं सांभाळायला कोण? प्रभूची बायको चांगुणा मजुरीवर घर ओढत होती. उरली प्रभूची पोरगी राधिका. वय दहा.

"दिवाळीनंतर शाळा बंद," नामाजीनं एकदा जेवता जेवता सांगून टाकलं. राधिकानं भाकरीचा घास तसाच हातात धरला. नामाजीची बायको पंचफुलाबाई मात्र पातेल्यातलं कालवण पुन्हा पुन्हा ढवळत राहिली.

राधिका माळाच्या पायथ्याच्या शाळेत चौथीत होती. त्या शाळेचं आणि नामाजीचं जमत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्याची सात मेंढरं शाळेच्या नव्या रोपांत शिरली होती. हेडमास्तरांनी ती कोंडवाड्यात घातली आणि नामाजीला फाटकाबाहेर बसवून ठेवलं. पटका मांडीवर घेऊन तो सकाळपासून दिवस कलेपर्यंत बसला होता. शाळा सुटल्यावर पोरं त्याच्याकडं बघत बघत गेली. त्यांत राधिका होती. तेव्हापासून तो फाटकापाशी गेला नव्हता.

आणि आता त्याच शाळेची बाई दहा-बारा पोरं घेऊन माळ चढून येत होती. पोरांच्या डोक्यावर टोपली होती. त्यांत राधिकाही होती.

ती बाई केनिया नावाच्या देशातून आली होती. नाव एस्तेर. तिकडं वीस वर्षं तिनं शाळेत शेती शिकवली होती आणि आता दोन वर्षं बिनपगारी इथल्या पोरांना शिकवायला आली होती. फॉरेनची बाई येणार म्हणून शाळेनं भिंतींना चुना दिला होता, गावातल्या बाया पदर सावरून बघायला गेल्या होत्या. मोटारीतून काळीभोर, दणकट, पन्नाशीची बाई उतरली. बघायला गेलेली बेबीबाई म्हणाली, "आगं बया, ही तर आपल्यापरीस उन्हातली हाय!" पंचफुलाबाईनं तिला गप्प केलं होतं, "मंग बरंच हाय की. ऊन कळंल तिला."

ऊन तिला कळत होतं, पण माळ कळायचा होता. शाळेच्या मुरमाड पाऊण एकरात पहिल्या वर्षी तिनं पोरांकडून मका लावून घेतला आणि तो गुडघ्याएवढा होऊन वाळला. गावात पारावर तो मका बरेच दिवस पुरला. "सात समुद्र ओलांडून आली आन् गुडघ्याएवढा मका केला," असं कुणी म्हटलं की बाकीचे मांडीवर थाप मारून हसत.

"बाबा, नमस्कार," एस्तेर वाघरीजवळ येऊन थांबली. तिचं मराठी सावकाश, एकेक शब्द ठेवल्यासारखं असे. "आम्हाला लेंडी पाहिजे. शाळेच्या जमिनीला."

"टोपल्यात?" नामाजीनं विचारलं.

"हो. मुलं उचलतील."

नामाजी हसला, पण डोळे हसले नाहीत. "लेंडी उचलून नेता, आन् मूत कशात नेणार? पदरात?"

पोरं खिदळली. एस्तेरला कळायला क्षण लागला, मग तीही मोठ्यानं हसली. खाली बसली, वाघरीतली एक मूठ माती उचलून तिनं नाकाशी नेली. खालची माती ओली, काळपट. बाहेरची दुसऱ्या मुठीत घेतली, ती पांढरी. ती बराच वेळ दोन्ही मुठी बघत राहिली.

"मेंढरू बसाया पाहिजे, बाई," नामाजी जरा नरमून म्हणाला. "एक रात्र. उचलून नेल्यानं काय व्हतंय?"

"मग शाळेत बसवा."

"शाळेत?" नामाजीनं काठी दुसऱ्या हातात घेतली. "शाळेत माझं मेंढरू शिरलं तं कोंडवाड्यात जातंय. इचारा तुमच्या हेडमास्तरला."

एस्तेरनं राधिकाकडं पाहिलं. राधिका पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. बाईला ती गोष्ट आधीच कुणी सांगितलेली असावी.

"आमच्याकडं," ती म्हणाली, "शेतकरी आणि मेंढरंवाले काठ्या घेऊन उभे राहतात. एकमेकांसमोर. माणसं मरतात. आणि इथं तुम्ही शेतात मेंढी बसवता आणि शेतकरी भाकरी देतो. हे मला शिकायचं आहे. मुलांनाही."

नामाजीला आजवर कुणी शिकायचं आहे असं म्हणालं नव्हतं. त्यानं कान खाजवला. मग एकदम, स्वतःलाही न विचारता, बोलून गेला, "बसवतो. पर माझी एक अट हाय. ह्या पोरीला एक तुकडा द्या, तिचा तिनं करायचा. तुमच्या शाळेत काय शिकती ते मलाबी दिसू द्या. तुकडा आला, तं दिवाळीनंतर शाळेत राहील. न्हाई आला, तं कळपामागं येईल."

माळावर, दहा-बारा तोंडांसमोर दिलेला शब्द होता. सांजेपर्यंत तो गावात पोचला.

हेडमास्तर आधी तयार नव्हते. "मेंढ्या बसवायची तरतूद कुठल्या नियमात आहे, मॅडम? आणि धान्य कुठून देणार?" एस्तेरनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी पोरं घरून एकेक मूठ ज्वारी घेऊन आली आणि ती हेडमास्तरांच्या टेबलावर, त्यांच्या देखत, एका परातीत पडत गेली. परात भरल्यावर हेडमास्तर म्हणाले, "बरं बरं. पण रोपांकडं लक्ष ठेवा."

पोरांनी दोरी घेऊन रान मोजलं. नामाजीची वाघर वीस पावलं लांब, वीस पावलं रुंद. "कुणाची पावलं, आबा?" राधिकानं विचारलं. "माझी, अजून कुणाची?" मग नामाजीला चालवून त्याच्या पावलांची दोरी केली. त्या दोरीनं पाऊण एकराचे बारा चौकोन पडले. एस्तेरनं ते पोरांच्या वह्यांत काढून घेतले. नामाजी वहीत डोकावला. जसल्या रानांत तो चाळीस वर्षं अंदाजानं वाघर उचलत आला होता, तसलं रान बोटाएवढं होऊन कागदावर बसलं होतं.

"एका चौकोनात एक रात्र," एस्तेर पोरांना म्हणाली. "बारा रात्री. सगळं सारखं. तरच आपल्याला कळेल."

अकरा रात्री तसंच झालं. पंचफुलाबाई परातीतली ज्वारी दळून भाकरी घेऊन यायची, एस्तेर खाली मांडी घालून ठेच्याबरोबर खायची आणि नाक पुसत म्हणायची, "मेले मी." पंचफुलाबाई पुन्हा ठेचा वाढायची. वाघर तुटायची तिथं नामाजी गाठ मारायचा आणि बाई त्याची बोटं बघत बसायची. चौथ्या दिवशी तिनं स्वतः गाठ मारली. मेंढरानं धक्का दिला तशी ती सुटली. "पुन्हा," नामाजी म्हणाला. तिनं सात वेळा मारली. आठव्यांदा टिकली.

बारावा चौकोन कोपऱ्यातला, बाभळीजवळचा, राधिकाचा. बाकीचे चौकोन चार-चार पोरांत मिळून होते. हा नामाजीच्या अटीनुसार तिच्या एकटीचा. तिथं वाघर ताणताना नामाजीनं मुरमाला टाच मारून पाहिली. खडकासारखा लागला. सगळ्यांत वाईट तुकडा पोरीच्या वाट्याला आला होता. इथं काय उगवणार?

सकाळी त्यानं वाघर उचलली नाही.

"आज जाणार होता ना?" शाळेच्या शिपायानं विचारलं.

"वाघर फाटली हाय. शिवाया लागंल."

दुसऱ्या सकाळीही तेच, तिसऱ्याही. शाळेला चार दिवस सुटी होती, बाई हिंगोलीला गेली होती. चौथी रात्र बसवून मगच नामाजीनं कळप माळावर नेला. तो खूश होता. नातीची ज्वारी माणसाच्या डोक्यावरून जाईल, हेडमास्तर मान वर करून बघतील, असं त्याच्या डोळ्यांपुढं होतं. घरी मात्र तो काही बोलला नाही.

मृग बरा झाला. पोरांनी तिफण ओढून ज्वारी पेरली. सातव्या दिवशी बाराही चौकोनांत हिरवी दोरी दिसायला लागली. राधिका रोज शाळेआधी जाऊन तण काढायची, तिच्या नखांत माती असायची. नामाजी माळावरून बघायचा. पोरगी वाकलेली दिसली की तो उगाच मेंढरांना हाक द्यायचा, म्हणजे तिनं वर बघावं.

मग पावसानं ओढ दिली. एक आठवडा, दोन आठवडे. ढग औंढ्याकडून यायचे आणि तसेच निघून जायचे. अकरा चौकोनांतली ज्वारी दुपारी माना टाकायची, सकाळी पुन्हा उभी राहायची. बाराव्यातली उभी राहिना. आधी शेंडे पिवळे पडले, मग पानं कडेनं करपली. राधिका हातपंपावरून घागरी आणायची; कमरेवर घागर, चेहरा लाल, पाय चिखलानं भरलेले. पाणी पडलं की जमिनीतून उग्र वाफ यायची आणि दुसऱ्या दिवशी आणखी चार ताटं वाळलेली असायची.

पोरांची तोंडं कोण धरणार? "राधीचा हात जळका हाय," कुणीतरी म्हणालं. पारावरच्या माणसांना नवा मका मिळाला.

ओढीच्या अठराव्या दिवशी नामाजी माळावर उभा होता. खाली अकरा हिरव्या चौकोनांच्या कोपऱ्यात एकच पिवळा, घोंगडीला लावलेल्या ठिगळासारखा. जमिनीत उष्णता किती झाली असेल ते त्याला बोटावर सांगता आलं असतं. मुरमाड रान, चार रात्री, आणि पाऊस नाही. हे कुठल्याही धनगराच्या पोराला कळतं. त्याच्या बापानं त्याला सहाव्या वर्षी सांगितलं होतं.

संध्याकाळी घरी आला तर राधिका भिंतीशी बसली होती. दप्तराची नाडी बांधून तिनं ते खुंटीला वर अडकवलं होतं. हातात बापाची काठी होती आणि ती दगडानं तिचं टोक घासत होती.

"कोकरांना काठी लय मोठी हाय ही," ती म्हणाली. "जरा तोडून द्या, आबा."

नामाजी उभाच राहिला. खाटेवरून प्रभू म्हणाला, "जाऊ द्या, बाबा. आपल्यालाबी माणूस पाहिजेच व्हतं. शब्द दिला व्हता तुमी. पोरीनं मानला."

पंचफुलाबाई चुलीपाशी होती. तिनं वळून फक्त नवऱ्याकडं पाहिलं. "वाघर फाटली व्हती म्हणं चैत्रात," ती म्हणाली. "म्या तं शिवलेली कुठं पायली न्हाई."

नामाजीनं भाकरीला हात लावला नाही.

सकाळी त्यानं कळप चांगुणाच्या हवाली केला, पटका नीट बांधला आणि शाळेच्या फाटकाशी आला. तिथं त्याचे पाय आपोआप थांबले. शिपाई म्हणाला, "काय नामाजीमामा, पुन्हा मेंढरं घुसली का?" नामाजी उत्तर न देता आत गेला.

पोरं बाराव्या चौकोनाभोवती बसली होती. हेडमास्तर मागं हात बांधून उभे होते. एस्तेर मधे गुडघ्यांवर होती, हातात वाळलेलं ताट. "का झालं?" ती विचारत होती. "सांगा."

"अळी पडली."

"बी किडकं व्हतं."

"बाभळीनं खाल्लं, मॅडम."

"राधीनं लय पाणी घातलं."

राधिका मान खाली घालून बसली होती.

एस्तेरनं मुळं उलटी करून पाहिली. "अळी नाही. बी सगळ्यांचं एकच होतं." तिनं ताट खाली ठेवलं. "मला माहीत नाही," ती म्हणाली. पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. मास्तर माणसानं असं म्हटलेलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. "सगळं सारखं केलं होतं. एक चौकोन, एक रात्र. तरी एक जळला. म्हणजे ही पद्धत मी मुलांना नीट शिकवू शकत नाही."

"सारखं न्हवतं, बाई," नामाजी म्हणाला.

सगळे वळले. पटक्याचं टोक सुटलं होतं ते त्यानं खोचलं.

"हितं चार रात्री बसवली म्या. वाघर फाटली नव्हती. खोटं बोललो."

"काहून, आबा?" राधिकानं विचारलं. आवाज अगदी बारीक.

"तुझी ज्वारी समद्यांच्या वर जावी म्हणून." नामाजी खाली बसला, बांधावरच. "पोरीच्या हाताचा काई दोष न्हाई. तिनं घागरी व्हायल्या. जाळली म्या. चाळीस वर्सं मेंढरं बसवली, आन् नातीच्या तुकड्यावर आंधळा झालो."

कुणीच हसलं नाही. हेडमास्तर आपल्या चपलांकडं बघत होते.

एस्तेर उठली नाही. गुडघ्यांवरच त्याच्याकडं सरकली आणि वही उघडली. "बाबा, काळ्या जमिनीत किती रात्री?"

"काळीत दोन चालतील. पाणी असंल तर तीन."

"आणि इथं?"

"मुरमाडात एकच. तीबी मृगाच्या आधी महिनाभर. पाऊस लांबला तं एकबी जड जाती."

"मंग आता ह्या तुकड्याचं काय, आबा?" एका पोरानं विचारलं. ते त्याला मामा म्हणणारं पोरगं होतं, पण राधिकाचं ऐकून तेही आबाच म्हणालं.

"आता? नांगरायचा न्हाई. पाऊस येऊ द्यायचा, दोन-तीनदा धुऊन निघू द्यायचा. जमीन निवंल. मंग आश्विनात करडई टाका. उष्णता कुठं जात न्हाई पोरांनो, ती निवून बसती. पुढल्या पिकाला तीच कामाला येती."

तो बोलायला लागला तो थांबेना. मेंढी कुठल्या कुशीवर बसते, कळपातली दुभती कुठं बांधायची, ओल्या रानात वाघर का ताणायची नाही. पोरं विचारत गेली, तो सांगत गेला. कुणाला समजलं नाही तर खडे मांडून दाखवायचा, मग पुन्हा विचारून घ्यायचा. तास संपल्याची घंटा झाली, पोरं हलली नाहीत. हेडमास्तर आत गेले आणि स्वतः खुर्ची उचलून घेऊन आले. "बसा, नामाजीराव." नामाजीनं खुर्चीकडं पाहिलं. "हितंच बरं हाय, सायेब. खुर्चीवरून माती दिसत न्हाई." मग हेडमास्तरच घुटमळत बांधावर टेकले.

उठताना नामाजी एस्तेरला म्हणाला, "शब्द दिला व्हता, बाई. तुकडा आला तं पोरगी शाळेत. तुकडा आला न्हाई."

राधिका उभी राहिली. तिनं हातांची माती परकराला पुसली आणि कुणी काही बोलायच्या आत म्हणाली, "माझा तुकडा अजून संपला कुठं, आबा? तुमीच म्हणला, करडई टाका."

नामाजीनं तिच्याकडं पाहिलं. मग हसला. यावेळी डोळेही हसले.

घरी मात्र प्रभूचा प्रश्न उभाच होता. "आन् कोकरामागं कोण चालंल? माझा पाय दिवाळीपतोर धड व्हायचा न्हाई."

पंचफुलाबाईनं तवा खाली ठेवला. "म्या चालीन. लगीन झाल्यावर पाच वर्सं चाललेच की, कनेरगावाच्या नाक्यापतोर. माझे पाय कुणी मोडलेत का?"

"साठीला आली तू," नामाजी म्हणाला.

"आन् तुमी काय काल जन्मले?"

पुढच्या आठवड्यात पाऊस आला. दिवाळी झाल्यावर कळप निघाला तेव्हा बाराव्या चौकोनात वीतभर करडई होती, काळसर हिरवी. अकरा चौकोनांची ज्वारी मात्र काढून झाली होती. माणसाच्या डोक्यावरून नव्हे, पण छातीला लागेल एवढी आली होती, आणि पारावरचा मका हळूहळू संपला होता. पंचफुलाबाई पाठीवर घोंगडी टाकून, एक कोकरू काखेत घेऊन कळपामागं चालत गेली. फाटकाशी एस्तेर उभी होती. नामाजीनं तिच्या हातात सुताचा गुंडा आणि वीतभर विणलेली वाघर ठेवली. "परत जाल तवा तुमच्याकडच्या मेंढरंवाल्यांना दाखवा. गाठ ध्यानात हाय ना?" तिनं तिथंच, उभ्या उभ्या, एक गाठ मारून दाखवली. नामाजीनं ओढून पाहिली. सुटली नाही.

पुढच्या चैत्रात वाशीमकडून कळप परतला तेव्हा दिवस मावळतीला आला होता. नामाजी पुढं होता, पंचफुलाबाई मागं, उन्हानं रापलेली आणि पाच महिन्यांत दोन माणसांएवढी बोलकी झालेली. शाळेच्या वळणावर आल्याबरोबर पुढची मेंढी थांबली. मान वळवली आणि सरळ फाटकात शिरली. मागून सव्वाशे.

"ए! हुर्रर्र!" नामाजी काठी घेऊन धावला. त्याला कोंडवाडा आठवला.

आत बारा खुंट्या आधीच ठोकलेल्या होत्या, पावलांची दोरी ताणलेली होती. बाराव्या चौकोनात काढलेल्या करडईची दाट, बोटाएवढी जाड धसकटं उभी होती. पायऱ्यांवर एस्तेर आणि हेडमास्तर बसले होते, मधे ज्वारीची भरलेली परात. राधिका हातात वही घेऊन पहिल्या चौकोनापाशी उभी होती, मेंढरं मोजल्यासारखी आजोबांकडं बघत.

"आबा, नीट ऐका," ती म्हणाली. "एका चौकोनात एकच रात्र. माझ्याबी."

"व्हय, मास्तरीण," नामाजी म्हणाला आणि खांद्यावरची वाघर उतरवायला लागला.